मेटानेफ्रिन आणि कॉर्टिसॉलच्या तपासणीसाठी सॅम्पल नीट कसे द्यावे

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘मेटानेफ्रिन’ किंवा ‘कॉर्टिसॉल’ असा शब्द लिहून दिला, की बहुतेक रुग्ण दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी लॅबच्या दारात येऊन उभे राहतात, कारण साखरेच्या तपासणीने आपल्या सर्वांना तीच सवय लावलेली आहे. या तपासण्यांना मात्र नुसते उपाशी राहणे पुरत नाही. नाशिकमध्ये सॅम्पल घेण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. जी तपासणी पुन्हा करावी लागली किंवा घरच्यांच्या जिवाला विनाकारण घोर लावून गेली, तिच्यात दोष बहुधा यंत्राचा नव्हता. आधी काय करायचे हे रुग्णाला कुणी नीट सांगितलेलेच नव्हते. ते सविस्तर सांगावे, म्हणून हे लिहीत आहे.

प्रथम मोजायचे काय आहे ते समजून घेतले पाहिजे, कारण ते समजले की पुढील प्रत्येक सूचनेचे कारण आपोआप कळते. द्वारका चौकात स्कूटरसमोर अचानक ट्रक आला, तर काळजात धस्स होते, तोंडाला कोरड पडते, अंगावर काटा येतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. मराठी माणसाने रोजच्या बोलण्यात टिपून ठेवलेल्या या खुणा म्हणजे कॅटेकोलामाइन या रसायनांच्या गटाचे आणि त्यांना कामाला लावणाऱ्या मज्जातंतूंचे काम आहे. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. तिचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिच्या आतल्या गाभ्यात टायरोसिन या अमिनो आम्लापासून आधी डोपा, मग डोपामिन, मग नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि शेवटी अ‍ॅड्रेनलिन तयार होते. गाभ्यातून रक्तात जे सोडले जाते, त्यात अ‍ॅड्रेनलिन साधारण ८० टक्के आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन २० टक्के असते. मात्र नॉरअ‍ॅड्रेनलिनचा मोठा साठा शरीरभर पसरलेल्या मज्जातंतूंच्या टोकांशी असतो आणि रक्तात सापडणारे बरेचसे नॉरअ‍ॅड्रेनलिन तेथूनच येते. ट्रक दिसल्यापासून हृदय धडधडू लागेपर्यंत दोन-चार सेकंदसुद्धा जात नाहीत. त्वचेकडील आणि आतड्याकडील रक्तवाहिन्या आवळल्या जातात, यकृत साखर सोडते, श्वासनलिका रुंदावतात आणि बुबुळाच्या मधली बाहुली मोठी होते.

ही द्रव्ये जितक्या वेगाने येतात, तितक्याच वेगाने जातात. रक्तात अ‍ॅड्रेनलिनचे प्रमाण दोन-तीन मिनिटांत निम्मे होते. त्यामुळे रक्त काढतेवेळी मन आणि शरीर जसे असेल, तसाच आकडा येतो. सुई पाहून घाबरलेल्या, जिना चढून धापा टाकणाऱ्या किंवा थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाच्या रक्तात कॅटेकोलामाइन वाढलेले दिसणारच. म्हणूनच हल्ली डॉक्टर थेट अ‍ॅड्रेनलिनऐवजी मेटानेफ्रिन आणि नॉरमेटानेफ्रिन मोजायला सांगतात. ही त्याच द्रव्यांची रूपांतरित रूपे असून ती ग्रंथीच्या पेशीत, तसेच तेथे गाठ असल्यास गाठीच्याही पेशीत, सतत तयार होत राहतात, त्यामुळे त्यांचे प्रमाण क्षणाक्षणाला तितके हेलकावे खात नाही. फिओक्रोमोसायटोमा ही कॅटेकोलामाइन बनवणारी विरळा गाठ शोधण्यासाठी आज हीच तपासणी आधी केली जाते. डोकेदुखी, घाम आणि छातीत धडधड यांचे अचानक येणारे झटके, तीन-तीन औषधे घेऊनही न उतरणारा रक्तदाब, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये अधिवृक्क ग्रंथीवर दिसलेली गाठ, किंवा घरात कुणाला असा आजार असणे, ही ती करण्याची नेहमीची कारणे आहेत.

कॉर्टिसॉलची चाल निराळी आहे. ते त्याच ग्रंथीच्या बाहेरच्या थरात बनते. मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी एसीटीएच हे संप्रेरक सोडते आणि त्यानंतर काही मिनिटांनी कॉर्टिसॉल वाढू लागते. ताणाच्या प्रसंगानंतर साधारण वीस ते तीस मिनिटांनी ते शिखरावर पोहोचते. ट्रक निघून गेलेला असतो, पण शरीर अजून साखर पुरवत असते. दोन्ही थर एकाच ग्रंथीत शेजारी-शेजारी आहेत, यालाही अर्थ आहे: बाहेरच्या थरातून गाभ्याकडे वाहणाऱ्या रक्तातील कॉर्टिसॉल मिळाल्याशिवाय नॉरअ‍ॅड्रेनलिनचे अ‍ॅड्रेनलिन करणारे विकर पुरेसे तयार होत नाही. मला या विषयातील ही गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

चोवीस तासांची लघवी

हे काम सोपे वाटते आणि यातच सर्वाधिक चुका होतात. लॅबमधून तुम्हाला तीन किंवा पाच लिटरचा कॅन मिळेल. मेटानेफ्रिनच्या तपासणीसाठी त्यात बहुधा तळाशी थोडे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घातलेले असते, कारण आम्लात ही द्रव्ये टिकतात. ते पाणी समजून ओतून देऊ नये आणि कॅन धुऊन स्वच्छ करण्याच्या भरीस पडू नये. कॅनमध्ये थेट लघवी करू नये. आधी स्वच्छ, कोरड्या प्लास्टिकच्या मगात करावी आणि मग कॅनमध्ये सावकाश ओतावी. ओतताना तोंड बाजूला ठेवावे, झाकण लगेच घट्ट लावावे, कॅन मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा, आणि हातावर थेंब उडालाच तर भरपूर पाण्याने धुवावा. लघवीतील कॉर्टिसॉलही मोजायचे असेल, तर त्यासाठी कॅन वेगळा लागतो की नाही हे लॅबला आधीच विचारावे, कारण प्रत्येक ठिकाणची पद्धत सारखी नसते.

समजा, तुम्ही सकाळी सात वाजता सुरुवात केली. सात वाजताची पहिली लघवी शौचालयातच करायची, ती कॅनमध्ये घ्यायची नाही. ती रात्रभरात साठलेली, म्हणजे कालची असते. मात्र वेळ कागदावर लिहायची: सात. त्यानंतर दिवसभरातील आणि रात्रीतील प्रत्येक वेळची लघवी कॅनमध्ये जमवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, लागलेली असो वा नसो, शेवटची लघवी करून तीही कॅनमध्ये घ्यायची. निम्म्याहून अधिक लोक येथे उलट करतात. पहिल्या दिवशीची घेतात आणि शेवटची सोडून देतात. शौचास जाण्यापूर्वी आधी मगात लघवी करून घ्यावी, म्हणजे नकळत काही वाया जात नाही.

एकदा जानेवारीत निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार पहाटेच्या बसने कॅन घेऊन आले. थंडीत बागेत शेकोट्या पेटवून ते आले होते, अंगाला धुराचा वास होता. कॅन चांगला भरलेला, झाकणावर चिकटपट्टी, अगदी जपून आणलेला. मी नेहमीप्रमाणे विचारले, “काका, मधली एकही वेळ सुटली नाही ना?” ते म्हणाले, “नाही हो. फक्त दुपारी बागेत होतो, तेव्हा दोनदा बांधावर गेलो. तेवढ्यासाठी घरी कोण येणार?” त्यांनी लपवले नाही, हे आमचे नशीब. दोन वेळा सुटल्या म्हणजे आकडा कमी येणार, आणि कमी आलेल्या आकड्यावर विसंबून डॉक्टर गाठ नाही असे समजू शकतात. त्या दिवशी मी त्यांना नवा कॅन देऊन परत पाठवले. तुमच्याकडूनही एखादी वेळ सुटली, तर संकोच न करता सांगावे आणि पुन्हा सुरुवात करावी. लॅब त्याच लघवीतील क्रिएटिनिन, म्हणजे शरीरातून रोज साधारण सारख्याच प्रमाणात बाहेर पडणारे द्रव्य, मोजून संकलन पुरे आहे की नाही याचा अंदाज घेते, पण तो अंदाजच. तुमच्या शब्दाची जागा तो घेऊ शकत नाही.

दिवस निवडताना विचार करावा. लग्नघरी जायचे आहे, छाटणीची माणसे यायची आहेत किंवा मुंबईचा प्रवास आहे, असा दिवस घेऊ नये; घरी निवांत राहता येईल असा दिवस घ्यावा. पाणी नेहमीइतकेच प्यावे. कॅन फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, जाड पिशवीत गुंडाळून ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवायला घरच्यांची ना असेल, तर बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या पेटीत ठेवावा; एप्रिल-मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास जातो, तेव्हा कॅन न्हाणीघराच्या खिडकीत ठेवून चालणार नाही. कॅन पूर्ण आणावा. त्यातली थोडी लघवी बाटलीत भरून आणली आणि बाकी ओतून दिली, तर चोवीस तासांचे एकूण माप कळत नाही आणि सारे कष्ट वाया जातात.

रक्तातील मेटानेफ्रिन द्यायचे असेल तेव्हा

येथे एकच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे: आडवे पडून राहणे. माणूस नुसता उभा राहिला, तरी पाच-दहा मिनिटांत रक्तातील नॉरअ‍ॅड्रेनलिन जवळपास दुप्पट होते, कारण रक्त पायाकडे उतरू नये म्हणून शरीराला रक्तवाहिन्या आवळाव्या लागतात. त्यामुळे वीस ते तीस मिनिटे उताणे पडून राहिल्यावर, त्याच स्थितीत रक्त घेणे योग्य असते. सुई टोचण्याचा धसका आकड्यात येऊ नये म्हणून शिरेत नळी आधीच बसवून ठेवता आली तर उत्तम. लॅबमध्ये फोन करून “झोपवून रक्त घेता का, आणि घेतल्यावर नळी बर्फात ठेवता का?” असे स्पष्ट विचारावे. असे विचारणाऱ्या रुग्णाचा आम्हाला राग येत नाही. खुर्चीत बसून दिलेल्या रक्ताचा आकडा मर्यादेत आला, तर चिंता नाही. वाढलेला आला, तर घाबरण्याआधी तीच तपासणी झोपून पुन्हा करावी.

त्या सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालणे किंवा पांडवलेणीच्या पायऱ्या चढणे बंद ठेवावे. थंडीच्या दिवसांत स्वेटर-मफलर घालून यावे, कारण थंडीनेही नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढते, आणि आल्या-आल्या हात पुढे न करता अंगात ऊब येऊ द्यावी. आदल्या रात्रीपासून काही खाऊ नये, साधे पाणी चालते. सकाळचा चहा मात्र चालत नाही, आणि हेच लोकांना सर्वांत जड जाते. “घोटभरच घेतला” असे म्हणणाऱ्यांना मी परत पाठवलेले आहे. मिसळ तपासणीनंतर खावी.

तंबाखूविषयी विचारताना मी आता शब्द बदलले आहेत. “तंबाखू खाता का?” या प्रश्नाला मावशी “नाही बाई” असे खरेच उत्तर देतात, कारण त्या खात नाहीत, त्या सकाळी मिश्री लावतात. भाजलेल्या तंबाखूची ती पूड हिरड्यांवर दहा मिनिटे चोळली, की निकोटिन थेट रक्तात जाते आणि अधिवृक्क ग्रंथीचा गाभा चाळवतो. मिश्री, तपकीर, गुटखा, बिडी, सिगारेट, निकोटिनचे च्युइंगम हे सारे निदान चार तास, आणि जमल्यास आदल्या रात्रीपासून, बंद ठेवावे. दारू आदल्या दिवशी घेऊ नये. केळी, चॉकलेट, व्हॅनिला, अक्रोड आणि संत्री-मोसंबी यांचे पथ्य मुख्यतः व्हीएमए या जुन्या तपासणीसाठी आणि डोपामिनच्या मोजमापासाठी सांगितले जाते. लॅबने सांगितले असेल तर ते दोन-तीन दिवस पाळावे, त्यात नुकसान काहीच नाही.

औषधांची गोष्ट याहून गंभीर आहे. अमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्यावरील आणि नसांच्या दुखण्यावरील जुनी औषधे, व्हेनलाफॅक्सिन, पार्किन्सनसाठीची लेव्होडोपा, लॅबेटालॉल, तसेच नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या व थेंब यांनी आकडा वाढू शकतो. साधे पॅरासिटामॉलही मोजण्याच्या काही पद्धतींत घोटाळा करते, आणि डोकेदुखीचा रुग्ण ते हमखास घेतलेला असतो. ‘शक्तिवर्धक’ म्हणून घेतलेल्या चूर्णांचीही नावे सांगावीत; खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा नैसर्गिकरीत्याच असते, आणि ते आयुर्वेदिक आहे म्हणून यंत्र त्याला सूट देत नाही. परंतु यातील कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. क्लोनिडिन किंवा बीटा ब्लॉकर गटातील रक्तदाबाची औषधे एकाएकी सोडली, तर रक्तदाब उसळी मारतो आणि जिवावर बेतू शकते. घरातील सर्व पट्ट्या, बाटल्या आणि पुड्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओताव्यात आणि काय थांबवायचे, किती दिवस थांबवायचे, हे त्यांनाच ठरवू द्यावे.

कॉर्टिसॉलची वेळ

कॉर्टिसॉल घड्याळ पाहून चालते. पहाटेपासून ते वाढत जाते, सकाळी सर्वांत जास्त असते, आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. म्हणून ‘सकाळचे कॉर्टिसॉल’ म्हणजे सात ते नऊच्या दरम्यान घेतलेले रक्त. अकरा वाजता येऊन दिलेल्या रक्ताचा आकडा सकाळच्या मर्यादेशी ताडून पाहणे चुकीचे आहे. ही लय झोपेशी आणि उजेडाशी बांधलेली आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारा कामगार सकाळी सातला सुटून थेट लॅबमध्ये आला, किंवा शेतीची वीज रात्रीची असल्यामुळे कांद्याला पाणी देत जागलेला शेतकरी तसाच आला, तर त्याच्या आकड्याचा अर्थ लावणे कठीण होते. काही दिवस रात्री नीट झोप घेऊन मग यावे. ते शक्यच नसेल, तर कधी झोपलो आणि कधी उठलो हे कागदावर लिहून द्यावे.

बाहेरून घेतलेले स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखे काम करणारे औषध, ही येथील मोठी अडचण आहे, आणि पुष्कळांना आपण ते घेत आहोत हे ठाऊकच नसते. नायट्यावर दुकानातून आणून चोळायची अनेक मलमे, दम्याचा पंप, गुडघ्यात घेतलेले इंजेक्शन, सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या, या सर्वांतून स्टेरॉइड अंगात जाऊ शकते आणि स्वतःच्या ग्रंथीचे काम मंदावू शकते. तेही डॉक्टरांना सांगावे, आणि बरेच दिवस घेत असल्यास अचानक थांबवू नये. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि गरोदरपणात कॉर्टिसॉलला धरून ठेवणारे प्रथिन वाढते, म्हणून एकूण आकडा फुगलेला दिसतो. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्यांनी काही यंत्रांचे मोजमाप चुकते. ज्येष्ठमध रोज बरेच घेत असाल, तर तेही सांगण्यासारखे आहे.

डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची गोळी देऊन करायची तपासणी सांगितली असेल, तर रात्री अकरा वाजता तिची एक मिलिग्रॅमची मात्रा घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-नऊच्या दरम्यान रक्त द्यायचे असते. शरीर निरोगी असेल, तर त्या सकाळी कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली उतरते. खेड्यातील माणूस नऊला झोपतो, म्हणून घड्याळाचा गजर लावावा आणि गोळी घेतल्याची नेमकी वेळ लिहावी. क्षयरोगाचे रिफाम्पिसिन किंवा फिट्सवरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल, तर ही गोळी शरीरातून लवकर निघून जाते आणि निकाल फसवा येतो. कॉर्टिसॉल मोजण्यासाठी रात्रीची लाळ मागितली असेल, तर त्याआधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये व दात घासू नयेत, कारण हिरडीतून आलेले थोडेसे रक्तही आकडा बिघडवते.

आजकाल ‘स्ट्रेस हॉर्मोन’ म्हणून एकट्या कॉर्टिसॉलची तपासणी पॅकेजमध्ये घातलेली दिसते. एखाद्या सकाळच्या एका आकड्यावरून घरचा, नोकरीचा किंवा कर्जाचा ताण मोजता येत नाही. त्या आकड्यावरून शंका घ्यायची ती ग्रंथीच्या आजाराची, आणि तीही लक्षणे असतील तर. लक्षणे नसताना त्यावर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, जरी मी त्याच व्यवसायात असलो तरी. मेटानेफ्रिनचा अहवाल हाती आल्यावर आकडा वरच्या मर्यादेच्या किंचित पुढे असेल, तर तो बहुधा औषधाचा, चहाचा किंवा बसून दिलेल्या रक्ताचा परिणाम असतो, आणि तयारी सुधारून तपासणी पुन्हा केली जाते. तीन-चार पटीने वाढलेला आकडा मात्र सहसा खोटा नसतो. तेव्हा दिवस न घालवता हार्मोनच्या तज्ज्ञांकडे जावे.

कॅनसोबत एक कागद द्यावा, ही माझी प्रत्येकाला विनंती असते. निफाडचे ते काका चार दिवसांनी पुन्हा आले, तेव्हा त्यांनी दिनदर्शिकेचे एक पान फाडून त्याच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने सारे लिहून आणले होते: सुरुवात सात पाच, त्यानंतर नऊ वेळा, प्रत्येकीसमोर वेळ, दुपारी तीनला घाम आणि धडधड, अंदाजे पंधरा मिनिटे, रक्तदाबाची गोळी रात्री साडेआठला, चहा नाही, तंबाखू नाही, शेवट सात पाच. खाली सुनेच्या अक्षरात एक ओळ होती, की दिवसभर बागेत मग आणि कॅन मीच नेत होते. ते पान मी सॅम्पलला टाचणी लावून पुढे पाठवले.